‘बस’ म्हणायचं ते दुसऱ्या पेगला, सहाव्याला नाही

पत्र: काका, यावल-रावेर रोडला आमच्या मामांचं परमिट रूम आहे, सोबत जेवण. दीड वर्ष झालं मी गल्ल्यावर बसतोय. गेल्या महिन्यात आमच्याकडून निघालेला एक माणूस मोटारसायकलवर पुढच्या वळणावर केळीच्या ट्रॅक्टरला मागून धडकला. वाचला, पण पाय मोडला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको हॉटेलवर आली. भांडली नाही, रडली नाही, फक्त विचारलं, “किती घेतली होती त्यांनी?” मला सांगताच आलं नाही. नंतर बिल काढून बघितलं तर तीन स्ट्राँग आणि एक नाइंटी. मामा म्हणतात, आपण काय धरून पाजली का, धंदा आहे. मी मात्र तेव्हापासून कुणाला नाही म्हणायला गेलो की भांडण होतं, मागच्या आठवड्यात एकाने ग्लास फोडला. वर आमचे दाजी रोज येतात, त्यांना तर काही बोलूच शकत नाही. नाही म्हणायचं कसं? का लाइनच सोडू?
— गल्ल्यावरचा भाचा

उत्तर:

भाचेबुवा, लाइन सोडू नको. तू सोडलीस तर त्या गल्ल्यावर जो बसेल तो ते बिल काढून बघणारसुद्धा नाही.

मी या लाइनमध्ये २२ वर्षं काढली, आधी वेटर, मग कॅप्टन, मग काउंटर, धुळे, नवापूर, परत धुळे. माझी बोली अहिराणी, तुमच्याकडे लेवा गणबोली, पण पिलेला माणूस दोन्हीकडे सारखाच बोलतो, त्यामुळे समजून घेशील.

आधी ते बिल घे. तीन स्ट्राँग आणि एक नाइंटी. तुझ्या डोक्यात या चार वस्तू आहेत, मामांच्याही, त्या माणसाच्याही तेवढ्याच होत्या, “तीन बियर तर घेतल्या यार, वरून थोडी”. आता हिशेब बघ. बियरची मोठी बाटली ६५० मिलीची, स्ट्राँग म्हणजे ८ टक्क्यांपर्यंत, म्हणजे आत शुद्ध अल्कोहोल ५२ मिली. व्हिस्कीचा स्मॉल ३० मिलीचा, ४२.८ टक्क्यांचा, आत जवळपास १३ मिली. भागाकार कर. एक स्ट्राँग बाटली म्हणजे चार स्मॉल. तीन बाटल्यांचे झाले बारा, नाइंटीचे, म्हणजे ९० मिलीचे, तीन, एकूण पंधरा. पंधरा स्मॉल पिऊन माणूस तुमच्या गेटमधून किक मारून निघाला आणि कुणाला काही वाटलं नाही, कारण डोळ्यांना दिसली ती बियर, आणि बियरला आपल्याकडे दारू कुणी समजतच नाही. माइल्ड घेतली असती तरी बाटलीला अडीच स्मॉल पडतातच.

आणि हे उतरतं कसं? शरीर तासाला साधारण एक स्मॉल काढतं, बऱ्याच जणांचं त्याहून कमीच. लिंबूपाणी, कडक कॉफी, डोक्यावर गार पाणी, उलटी काढणं, यातल्या कशानेही ते लवकर उतरत नाही, माणूस फक्त ओला होतो नाहीतर जागा होतो. रात्री दहाला क्वार्टर संपवली तर ती सहा स्मॉलची, पहाटे चारलाही अंगात शिल्लक असते. गाडी चालवायला कायद्याची रेषा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, आणि सत्तर किलोचा माणूस रिकाम्या पोटी दोन स्मॉल भराभर टाकून ती ओलांडू शकतो. सापडला तर पहिल्या वेळी १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तो हिशेब त्याचा. तुझा हिशेब हा की त्या बाईने विचारलं तेव्हा हॉटेलात एका तरी माणसाला आकडा माहीत असायला पाहिजे होता, आणि तो घटना घडायच्या आधी.

आता तुझं ‘नाही म्हणायचं कसं’. तू सहाव्या पेगला नाही म्हणतोयस म्हणून ग्लास फुटतोय भो. सहाव्याला समोर तो माणूस नसतोच, त्याची दारू असते, आणि तिच्याशी कितीही गोड बोल, उपयोग नाही. नाही म्हणायचं दुसऱ्याला, तेही त्याला कळू न देता.

मला हे नवापूरला कळलं. तिथलं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये, आणि गुजरातमध्ये दारूबंदी, म्हणजे गिऱ्हाईक कोण ते तुला सांगायला नको. त्यांना घाई फार. तासाभरात सगळं उरकून परत जायचं, म्हणून टेबलावर बसायच्या आधीच ऑर्डर, पहिला संपायच्या आत दुसरा. आमचा तिथला एक म्हातारा वेटर होता, चाळीसगावकडचा, त्याच्या टेबलावर कधी राडा झालेला मी बघितला नाही, आणि मला वाटायचं नशीबवान आहे म्हातारा. मग एक दिवस नीट बघत बसलो. तो आधी पाण्याचा जग ठेवायचा, ग्लास भरून द्यायचा. मग विचारायचा, “दादा, स्वयंपाकाला वेळ लागतो, जेवण आत्ताच सांगून ठेवू का?” मग पेग. पेग मेजरने, टेबलावर, गिऱ्हाइकासमोर मोजून, अंदाजाने धार सोडणं नाही. दुसरा पेग सांगितला की म्हातारा हळू चालायचा. खरंच, पाय ओढत चालायचा, आणि सगळे म्हणायचे म्हातारा झाला आता, चालवत नाही. बाहेर पडला की सायकल काय जोरात मारायचा तो!

तर तुझा वेटर धावतो का ते बघ. ग्लास अर्धा झाला की “रिपीट करू सर?” म्हणतो का बघ. हा प्रश्नच बंद कर. गिऱ्हाईक मागेल तेव्हा द्यायचं, आपण होऊन विचारायचं फक्त पाणी आणि भाकरी. आणि रिकाम्या बाटल्या उचलायच्या नाहीत, बिल होईपर्यंत टेबलावरच राहू दे, दिसायला बरं दिसत नाही मान्य, पण ओळीने चार बाटल्या उभ्या दिसल्या की पिणाराही एकदा मोजतो आणि वेटरला वही बघावी लागत नाही.

खाण्याचं सांगतो कारण आपल्याकडे इथेच गडबड आहे. चखण्याला आपण खारे शेंगदाणे आणि मसाला पापड देतो, खारट खाल्लं की तहान, तहानेला बियर. शेवभाजीची तर्री एवढी जाळ की माणूस पाणी शोधतो आणि हाताला लागतो बियरचा ग्लास. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, उन्हातून आलेला माणूस थंडगार बाटली पाण्यासारखी घटाघट उतरवतो आणि मग उठून उभा राहतो तेव्हा त्याला कळतं. पोटात आधी काही असेल तर दारू रक्तात हळू चढते, एवढं साधं आहे. वरण-बट्टी ठेव, तूप घालून, थंडीत बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी ठेव, आणि पिण्याच्या नंतर नाही, पिण्याबरोबर वाढ. मामांना सांग, बट्टीच्या ताटावर सुटणारे पैसे बाटलीपेक्षा कमी नाहीत, आणि जेवलेलं टेबल लवकर उठतं.

मग बघायचं काय, तर दारात बघ. माणूस गाडी स्टँडला लावतो ना, पहिल्या झटक्यात लागते का? दोनदा पाय घसरला, गाडी तिरकी राहिली, तर तो दुसरीकडून घेऊन आलाय, त्याला पहिलाच पेग द्यायचा नाही, जेवण द्यायचं. आत बसल्यावर आवाज वाढतो ते सगळ्यांना कळतं, पण मी हात बघायचो. पापड मोडताना चुरा किती होतो, नोटा मोजताना एकच नोट दोनदा मोजतो का, बेसिनकडे जाताना खुर्च्यांच्या पाठी धरत जातो का. आणि तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायला लागला की बाटली बंद, मग ती गोष्ट कितीही भारी असो.

आणि तरी कधी तोंडावर नाही म्हणायची वेळ येतेच, गटारीला, लग्नसराईत, पोळ्याला. तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेव, चार मित्रांसमोर माणसाला “तुम्हाला जास्त झाली” म्हटलं की तो दारूसाठी नाही, इज्जतीसाठी भांडतो. तुझा ग्लास फुटला तो तू उभा राहून, गल्ल्यावरून, सगळ्यांसमोर बोललास म्हणून, पैज लावतो. बाजूला जा, खुर्चीशेजारी वाक, हळू बोल, आणि ‘तुम्ही’ने सुरुवात करू नको, ‘मी’ने कर. मी म्हणायचो, “भो, आते बस, जेवी ले. सकाय ये, मी आठेच शे.” म्हणजे आता पुरे, जेवून घे, उद्या ये, मी इथेच आहे. एवढंच. उद्या ये म्हटलं की त्याला हाकलल्यासारखं वाटत नाही. त्याच्याशी जमत नसेल तर टेबलावरचा सगळ्यात कमी पिलेला मित्र गाठ, त्याला बेसिनपाशी बोलावून सांग, काम तोच करतो. बिल आणि ताट एकदम आण, नुसतं बिल नेऊ नको. अंगाला हात लावायचा नाही, वाद घालायचा नाही, एकट्याने जायचं नाही. आणि अंगावरच आला तर ११२, त्यात लाज नाही.

पण हे सगळं एका क्षणात मातीत जातं, आणि ते मातीत घालणारे बहुतेक मामाच असणार, राग मानू नको. वेटरने हिंमत करून नाही म्हटलेलं असतं, गिऱ्हाईक उठून गल्ल्यावर येतं, “काय शेठ, ओळख विसरले का”, आणि शेठ मान न वळवता म्हणतात, “दे रे एक.” झालं. तो वेटर पुढे आयुष्यात कुणाला नाही म्हणणार नाही, आणि का म्हणावं त्याने, शिव्या त्याने खाल्ल्या आणि टिप गेली ती वेगळीच. म्हणून मामांशी एकदा दुपारी, गर्दी नसताना, नीट बोलून घे. एकच नियम, ज्याने बंद केलं त्याचं बंद राहणार, गल्ल्यावरून ते उघडायचं नाही. आणि त्या वेटरची बुडलेली टिप गल्ल्यातून द्यायची. मामा म्हणतील गिऱ्हाईक पुढच्या ढाब्यावर जाईल. जाऊ दे. बिनपरवान्याच्या ढाब्यावर धाड पडली की मालकावर कलम ६८ आणि पिणाऱ्यावर ८४ लागतं, हे एकदा ज्याच्यावर लागलं तो आपोआप परवानावाल्याकडे परत येतो. आणि उधारीवर दारू देत असाल तर ती आजच बंद करा, पंधरा स्मॉलचं गिऱ्हाईक बहुतेक वेळा वहीतलंच असतं.

मामांना अजून एक सांग, फैजपूरला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, पोरं येत असतीलच. महाराष्ट्रात माइल्ड बियर-वाइनला वय २१ आणि हार्डला २५. मिशी बघून वय धरायचं नाही, कार्डावरची जन्मतारीख बघायची, मालकाच्या ओळखीच्या पाटलांचा पोरगा असला तरी. मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला जे झालं, १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीने दोन जीव गेले, त्यात गाडीवाल्यांबरोबर दारू देणाऱ्या ठिकाणांचे मालक आणि मॅनेजरही अटक झाले होते. अठराच्या आतल्याला दारू दिली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ‘आपण काय धरून पाजली का’ हे तिथे चालत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात तर २०२२ पासून दारू वाढणाऱ्या प्रत्येक वेटरला ट्रेनिंग घेऊन परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे वेटरला ट्रेनिंग म्हणजे पहिल्या दिवशी फडकं देतात हातात.

आता गाडीचं. लोक पिऊन गाडी चालवतात ते शूर असतात म्हणून नाही. मी विचारलंय कितीतरी जणांना. कारणं दोनच, सकाळी शेतात जायला गाडी लागते, आणि गाडी हॉटेलात राहिली तर गावाला कळतं. मग तू या दोन गोष्टींचा बंदोबस्त कर ना. गल्ल्यामागे खिळे ठोक, टेबल नंबर लिही, पहिल्या ऑर्डरबरोबर चावी खिळ्यावर. सुरुवातीला कटकट होईल, महिनाभरात सवय होते, आमच्याकडे तर नंतर लोक स्वतःच गल्ल्यावर चावी फेकायचे, काहींनी तर खिळेसुद्धा वाटून घेतले होते. गावातले दोन भरवशाचे रिक्षावाले बांधून घे, न पिणारे, सोडायचे पैसे बिलात ठरलेले, आधी सांगून. गाडी मागच्या अंगणात, कुलपात, वर कॅमेरा. आणि सकाळी साडेपाच-सहाला पोरगा गाडी त्याच्या खळ्यावर नेऊन लावतो, घरासमोर नाही, खळ्यावर! ट्रकवाले येत असतील, केळीच्या गाड्या भरल्या की थेट दिल्लीकडे निघतात, त्यांना रात्री चालवायचीच असते, त्यांना फक्त जेवण. तिथे दुसरा विचार करायचा नाही.

एक गोष्ट माझ्यावर बेतलेली, ती सांगतो, नाव-गाव विचारू नको. गटारीची रात्र, एवढी गर्दी की खुर्च्या शेजारच्या मंडपवाल्याकडून आणलेल्या. एक जण टेबलावरच डोकं टाकून गेला, आम्ही दोघांनी उचलून मागच्या खाटेवर टाकला, उताणा, “झोपू दे, सकाळी जाईल.” येता-जाता घोरण्याचा आवाज यायचा, घर्र घर्र, आणि आम्ही हसायचो, काय मस्त झोपलाय. तासाभराने बर्फ घ्यायला मागे गेलो तर तो आवाज घोरण्यासारखा वाटेना, गुळण्या केल्यासारखा वाटला. टॉर्च मारला. तोंडात उलटी, ओठ निळसर, हात गार. कुशीवर वळवला, बोटाने तोंड साफ केलं, जीपमध्ये टाकून सिव्हिलला नेला. वाचला. डॉक्टर मला म्हणाले, अजून दहा मिनिटं हसत बसले असते ना.

म्हणून पोरांना हे पाठच करून घे. हलवून उठत नाही, श्वास अडखळतोय, दोन श्वासांत दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ जातोय, अंग गार किंवा निळं पडतंय, तर तो झोपलेला नाही, १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत कुशीवर, वरचा गुडघा पुढे वाकवून, आणि एक माणूस शेजारी बसून राहणार, उठायचं नाही. उताणा कधीच टाकायचा नाही. ताक, लिंबू, काही पाजायचं नाही.

दाजींचं आता. जावई माणूस, नाही म्हटलं की बहिणीच्या सासरी निरोप जातो, मला कळतंय. पण तू लहान आहेस, हे तुझं कामच नाही, हे मामांचं काम आहे. जावयाला मामेसासऱ्यांनी पंगतीला बसवायचं असतं. दाजी आले की त्यांना बारमध्ये टेबल द्यायचंच नाही, आत घरच्या बाजूला, मामांच्या शेजारी, ताट आधी. गिऱ्हाईक म्हणून आले तर बिल, पाहुणा म्हणून आले तर जेवण, आणि पाहुण्याला किती वाढायचं ते वाढणारा ठरवतो. आठवडाभर मामा बरोबर बसले तरी बराच फरक पडेल.

फक्त एक सावधगिरी. रोज येतात म्हणालास. किती वर्षं, किती, सकाळी हात थरथरतात का, घाम येतो का, हे ताईला शांतपणे विचार. रोजचा जास्त पिणारा माणूस एकदम बंद केला तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, त्यात जीवही जातो, म्हणून घरात कोंडून, शपथ घालून, देवाला नारळ फोडून एका दिवसात सोडवायला जाऊ नका, डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, ताईलाच फोन करू दे. आणि ताईने तुला “तू का देतोस” म्हटलं असेलच, तुझ्या पत्रात नाही लिहिलंस, पण म्हटलं असेल. तिला उत्तर देऊ नको, तिच्याबरोबर दवाखान्यात जा.

आणि ती बाई. तू तिला आकडा सांगितला नाहीस अजून. बिल तुझ्याकडे आहे. मामा म्हणतील कशाला उगाच लफडं, पण त्यांनाही घेऊन जा, दुपारी जा, नवरा घरीच असेल पाय वर करून. तीन स्ट्राँग, एक नाइंटी, पंधरा स्मॉल, आम्ही मोजले नाहीत, आता मोजतो, एवढंच बोल आणि तिला काय बोलायचं ते बोलू दे, मध्ये तोंड घालू नको. रिकाम्या हाताने जाऊ नको. केळी मात्र नेऊ नको बाबा, तुमच्याकडे कुणाच्या घरी केळी नसतात!